वाटी कुणी वाजवली?

१

टण्, टण्, टण्.

स्टीलची वाटी पत्र्याच्या डब्यावर तीनदा वाजली आणि मागच्या अंगणातली पहाटेची शांतता तेवढ्यापुरती मोडली. मग पुन्हा सांधली गेली, पहिल्यापेक्षा घट्ट.

रोज ह्या आवाजासरशी खुराड्यात झुंबड उडायची. पंखांची फडफड, एकमेकींना ढोसणं, जाळीच्या दाराशी चोचींची टकटक. आज काहीच नाही. मर्सीनं हातातल्या वाटीकडं बघितलं. एरवी कण्या चिकटून बरबटलेली असायची ती, आज लखलखत होती. तेवढं डोळ्यांनी टिपलं, मनानं नाही. तिनं कडी काढली आणि वाकली.

सातही कोंबड्या खाली पडल्या होत्या. दांडीवर एकही नव्हती. राणीची मान जाळीला टेकलेली होती, शेवटपर्यंत दाराकडं सरकत आल्यासारखी.

मर्सी ओरडली नाही. तिला आधी रूथ आठवली. पाच वर्षांची पोर अजून गोधडीत होती, आणि उठली की तोंडसुद्धा न धुता पहिली इथंच यायची.

केडगावात मिशनच्या चिंचा जिथं संपतात तिथून पुढं, शेतं मोजून ही कॉलनी नुकतीच उभी राहिली होती. बैठी घरं, पाठीला पाठ, मध्ये छातीएवढी भिंत. एकाच्या कढईत फोडणी पडली की दुसऱ्याला ठसका. इथं कोंबड्या पाळायच्या तर शेजार सांभाळूनच, हे मर्सी जाणून होती. घाण रोज खरवडून झाकणाच्या पिंपात, पिंप भरलं की शेतावर. खुराड्यात राख आणि चुना. सोडायच्या त्या जाळीच्या आत. मागचे सिद्दीकचाचा म्हणाले, कोंबडा झोप मोडतो, तर कोंबडा भांडगावच्या मावशीला देऊन टाकला. आणि ओरडून बोलवायचं नाही. तिच्या माहेरी आई ‘टीऽ टी टी’ करत सगळी आळी जागी करायची. मर्सीनं पिल्लं होती तेव्हापासून त्यांना वाटीची सवय लावली. तीन ठोके, मग दाणे. दुसऱ्या कुठल्या हाकेला ह्या कोंबड्या ढुंकूनही बघायच्या नाहीत.

शेजाऱ्यांसाठी माणसानं आणखी काय करायचं असतं?

तिचा नवरा जॉय ब्रश तोंडात घेऊन मागच्या दारात आला. कुरकुंभच्या कंपनीत त्याची पहिली पाळी होती, गाडीची वेळ झाली होती. त्यानं खुराड्यात डोकावलं, चूळ भरली आणि हळू आवाजात म्हणाला, “मी रात्रीच सांगणार व्हतो तुला. जयसिंग बॅटरी घेऊन मागच्या भितीपाशी फिरत व्हता.”

मर्सीनं भाजीची पाटी घेतली. एकेक कोंबडी उचलून तिच्यात ठेवली. अंगावर शाल नाही, पायात चप्पल नाही, तशीच ती पुढच्या दारानं रस्त्यावर गेली.

२

कॉलनीच्या मधोमध पाण्याची टाकी होती आणि तिला सिमेंटचा कट्टा. मर्सीनं त्या कट्ट्यावर सातही कोंबड्या ओळीनं मांडल्या. दूध आणायला निघालेली माणसं थबकली. खिडक्या उघडल्या.

जयसिंग कॉलनीचा चेअरमन. त्याच्या नव्या गाडीच्या टपावर एकदा राणी जाऊन बसली होती, तेव्हापासून त्याचा कोंबड्यांवर दात होता. मर्सीनं त्याला बनियनवर बाहेर बोलावलं आणि साऱ्यांच्या देखत विचारलं, की रात्री माझ्या भिंतीपाशी बॅटरी घेऊन काय शोधत होतात. माझ्या सात मुक्या जिवांनी तुमच्या पोटात एवढं काय दुखत होतं. तो आधी गडबडला, मग चिडला. टाकीचा वॉल्व्ह बघायला गेलो होतो म्हणाला, रात्रीच पाणी सुटतं हे काय कुणाला माहीत नाही का. आणि आत वळता वळता फटकन बोलून गेला.

“आमाला काय मारायची पडलीया? रविवारपातूर जानारच व्हत्या की त्या.”

मर्सीला ती धमकीच वाटली. म्हणजे ठरवून केलंत, असं ती म्हणेपर्यंत त्यानं दार लावून घेतलं होतं.

मग तिची नजर सिद्दीकचाचांवर गेली. एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, कडक, मोजकं बोलणारे. ते गर्दीतून पुढं आले होते. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तो कोंबड्यांवर पांघरला. मर्सीनं तो टॉवेल ओढला आणि त्यांच्या पायाशी फेकला. ह्यांचं एक दिवस बघतोच असं तुम्हीच म्हणाला होतात ना भिंतीवरून, असं ती म्हणाली. आता बघा. मन भरेपर्यंत बघा. आणखीही पुष्कळ बोलली, जे तिला नंतर आठवायला नको वाटलं.

चाचांनी टॉवेल उचलला. घडी घातली.

“मला जे बोलायचं ते मी तुझ्या तोंडावर बोललो, बेटी,” ते म्हणाले. “कोंबडा नको म्हनलो, तू दिलास. माझी तक्रार तिथंच मिटली.”

जॉयनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. जाऊ दे म्हणाला, मेल्या त्या मेल्या, लोक बघतायत. गाडी चुकंल माझी. चाचांकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

तो गेल्यावर मर्सीनं पाटी पुन्हा भरली. राग मावत नव्हता, पण त्या रागाला नेमका धनी सापडत नव्हता, आणि त्याच्यामुळंच तो जास्त जाळत होता.

३

शेवग्याखाली खड्डा करताना तिनं राणीला मांडीवर घेतलं, आणि बोटं आपोआप गळ्याखाली गेली. कोंबडीला तिथं दाण्याची पिशवी असते. संध्याकाळी ती भरते, रात्रभरात जिरते, सकाळी रिकामी, सैल लागते. राणीची टम्म होती. दुसरीची बघितली, तिसरीची. सगळ्यांची टम्म. दुपारी तिनं जोंधळ्याच्या कण्या घातल्या होत्या, त्या बोटाला खडबडीत लागतात. ह्या पिशव्यांत मऊ गोळा होता, मळलेल्या पिठासारखा.

म्हणजे कुणीतरी पिठात कालवून घातलं, आणि ते जिरायच्या आत त्या गेल्या.

मर्सी खड्ड्याच्या काठावर बसली. राग तसाच होता, पण आता डोकंही चालायला लागलं होतं.

रात्रीची ती बॅटरी. अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही. एकदा दांडीवर चढली की उजाडेपर्यंत ती खाली उतरत नाही, चोचीपुढं दाणा धरला तरी टिपत नाही. जयसिंगनं रात्री परातभर विष ठेवलं असतं तरी ते सकाळी तसंच सापडलं असतं. हे ज्यानं केलं त्यानं उजेडात केलं. काल दुपारच्या कण्या झाल्यावर मर्सी रूथला घेऊन चर्चमध्ये गेली होती. उद्या रविवारी हंगामाचा सण. नवं धान्य, भाज्या, फळं, अंडी, कोंबड्या, ज्याला जे देवानं दिलं ते वेदीपुढं आणायचं आणि उपासना झाल्यावर तिथंच लिलाव, अशी रीत. बायका मिळून उसाचं आणि जोंधळ्याच्या कणसांचं तोरण बांधत बसल्या होत्या. परतली तेव्हा दिवेलागणीची झांजड पडली होती. कोंबड्या आपणहून खुराड्यात गेल्या होत्या, आत अंधार, गपगार. तिनं कडी लावली. तेव्हाच वाकून बघितलं असतं तर, हा विचार तिनं मातीबरोबर खड्ड्यात लोटला.

तेवढ्यात जिन्याखालून घशातला, नाराज असा घुरघुराट आला.

ठिपकी, आठवी कोंबडी. मर्सी धावली. गच्चीवर जाणाऱ्या जिन्याखाली पोत्यांच्या आड एक टोपली होती आणि तिच्यात ठिपकी पंख पसरून, डोळे वटारून बसली होती. खुडूक. तीन आठवडे होत आले होते तिला अंड्यांवर बसून. खुडूक कोंबडी जगाची राहत नाही. वाटी वाजो नाहीतर घर जळो, ती उठत नाही. मर्सी रोज दुपारी तिला उचलून बाहेर काढायची, पोटभर खाऊपिऊ घालायची आणि परत ठेवायची. कालच्या दुपारी ती सगळ्यांबरोबरच कण्या खाऊन, त्याच भांड्यातलं पाणी पिऊन बसली होती. आणि जिवंत होती. म्हणजे कण्याही चांगल्या, पाणीही चांगलं. जे आलं ते नंतर आलं.

कोंबडा दिल्यावर घरच्या अंड्यांतून पिल्लं निघणार नव्हती. रूथ रडायला लागली तेव्हा ही अंडी कोंड्यात घालून, डब्यातून, वडगाव रासाईच्या बहिणीकडून सिद्दीकचाचांनी आणली होती. भिंतीवरून डबा देताना म्हणाले होते, पोरीसाठी आहे, तुझ्यासाठी न्हाई. आता आणखी कोंबड्या वाढवायच्या नाहीत असं जॉयनं बजावलेलं, म्हणून टोपली पोत्यांच्या आड ठेवली होती. रूथनंही ते गुपित ओठ दाबून सांभाळलं होतं.

मर्सीच्या डोळ्यांपुढं तो घडी घातलेला टॉवेल आला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४

उरली डाव्या हाताच्या घरातली गिताबाई. तिच्या मेथीचा वाफा एकदा कोंबड्यांनी उकरला होता. तेव्हापासून भरपाई म्हणून आठवड्याला अंडी घेऊन जायची, आणि वर बोलूनही दाखवायची. दिवसभर घरी असणारी तीच एकटी.

मर्सी तिच्या ओट्यावर गेली तेव्हा ती लसूण सोलत होती. तिनं वर बघितलं नाही. सकाळी कट्ट्यावर जे झालं ते बरं झालं नाही, म्हणाली. सिद्दीकभाई तर काल खुर्शिदभाभीचा डोळा दाखवायला दौंडला गेले होते, दिवेलागणीच्या गाडीनं आले. कुणाला काय बोलायचं ह्याचा काही धरबंद असावा. मर्सी मान खाली घालून ऐकत राहिली. मग गिताबाई दुसऱ्या तक्रारीवर आली.

“आन् तू तरी काय गं. एकडाव वाजवलीस, ठीक हाय. जरा डोळा लागला तर पुन्हा टणाटणा. कोंबड्यास्नी दिवसातनं कितीदा घालायचं ते?”

“दुसऱ्यांदा कवा?”

“चहाच्या टायमाला. उन्हं भितीवर व्हती.”

उन्हं भिंतीवर होती तेव्हा मर्सी चर्चमध्ये उसाला सुतळी बांधत होती.

तिनं आवाज सांभाळून विचारलं, वाटी कुणी वाजवली ते पाहिलंत का. गिताबाई म्हणाली, बघायचं काय त्यात, तुझ्याशिवाय कोण वाजवणार. मग तिच्या हातातली पाकळी तशीच राहिली. तिनं पहिल्यांदा मर्सीच्या तोंडाकडं बघितलं. “ती ठिपकी बरी हाय का गं?” तिनं विचारलं. “परवा रूथनं दाखवली मला. कुणाला सांगू नका म्हनली.”

मर्सी तिथून उठली ती सरळ जयसिंगच्या दारात. आता तिनं आवाज चढवला नाही. सकाळी चुकलं म्हणाली. फक्त एवढं सांगा, रविवारपर्यंत जाणार होत्या हे तुम्हाला कोण म्हणालं.

जयसिंगला आधी सांगावं की नको असं झालं. मग म्हणाला, “मागल्या रविवारी मिटिंग झाली न्हवं का. कुनीतरी म्हनलं, जॉयरावांचं घरात कोन ऐकत न्हाई. समदी हसली. तवा त्यांनीच उठून शबूद दिला. म्हनले, येत्या रविवारच्या आत कोंबड्या दिसल्या तर माझं नाव बदला.” त्यानं आवाज खाली घेतला. “तुमाला बोलले न्हाईत व्हय?”

५

संध्याकाळी जॉय आला तेव्हा रूथ जिन्यापाशी एकटीच खेळत होती. मर्सी मागच्या पायरीवर बसली होती. मांडीवर डबा, हातात वाटी. तो चप्पल काढत होता तेवढ्यात तिनं तीन ठोके दिले.

जॉयचा हात पट्ट्यावरच थांबला.

“काल वाटी धुतलीत तुम्ही,” ती म्हणाली. “का धुतलीत?”

“रूथ तोंडात घालती ना ती,” तो बोलून गेला.

 बाहेर रेल्वे फाटक पडल्याची घंटा झाली, मालगाडी सगळी निघून गेली.

शेवटी मर्सी बोलली, अगदी सावकाश, भांडी घासताना एकेक बाजूला ठेवावं तसं. कोंबड्या रात्री खात नाहीत. जयसिंगवर ढकलणाऱ्याला एवढंही माहीत नाही, म्हणजे तो कोंबड्या पाळणारा नाही, नुसता त्यांच्या घरात राहणारा आहे. चाचा दौंडला होते. जयसिंगचं घर टाकीपलीकडं, तिथवर वाटी ऐकू जात नाही, त्याला तिचं काही ठाऊक नाही, आणि वाटीशिवाय त्या कुणाकडं जातही नाहीत. वाटी चहाच्या वेळेला वाजली. तुमची पाळी तीनला सुटते. काल ओव्हरटाईम होता म्हणालात. आज गाडीवाल्याला विचारू का मी?

एक गोष्ट तिनं सांगितली नाही. गिताबाईचं नाव कशानं पुसलं गेलं ते. ज्यानं मारलं त्याला वाटी ठाऊक होती, पण जिन्याखालची टोपली ठाऊक नव्हती. गिताबाईला दोन्ही ठाऊक होतं, चाचांनाही. वाटी ठाऊक आणि टोपली नाही, असा साऱ्या कॉलनीत एकच माणूस होता, आणि त्याच्यापासून ती टोपली तिनं स्वतःच्या हातानं झाकली होती.

जॉय खाली बसला. उंदराचं औषध होतं, म्हणाला. पटकन होईल असं वाटलं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस.

“उद्या हंगामाचा सण हाय,” मर्सी म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. “म्हणला असता ना, तर सातच्या सात वेदीपुढं नेल्या असत्या मी. हसत नेल्या असत्या. कुणाच्या तरी दारात नांदल्या असत्या त्या. त्यांना मारायचं तर मारायचं, आन् वर माझीच वाटी वाजवायची? माझ्यावर इस्वास ठेवून आल्या त्या पळत.”

“माणसं हसत व्हती गं मला.”

“आन् सकाळी? मी चाचांचा टॉवेल फेकला तवा तुम्ही माझ्या मागं उभं व्हता. एक शब्द न्हाई. त्या म्हाताऱ्याला माझ्या शिव्या खाऊ दिल्या तुम्ही.”

 तो पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राहिला. मग म्हणाला की चुकलं, मान्य. पण आता झालं ते झालं. निदान कॉलनीत आता कोणी तोंड वर करून बोलणार नाही. तू फक्त एवढं कर. पुन्हा कोंबड्या आणू नको. एवढं एकच ऐक माझं, मर्सी.

म्हणजे त्याला अजूनही तेच हवं होतं. मर्सी त्याच्याकडं बघत राहिली. सकाळी जो राग धनी शोधत वणवणला होता त्याला घर सापडलं होतं, आणि ते तिचंच घर होतं. पोरीनं वाटी तोंडात घालू नये म्हणून घासूनपुसून ठेवणारा हाच माणूस, आणि तीच वाटी वाजवणाराही हाच. ह्यातला कुठला खरा, ते तिला कळेना. कदाचित दोन्ही, आणि तेच जास्त वाईट होतं.

“आधी चाचांच्या दारात जा,” ती म्हणाली. “मी केलं म्हणून सांगा. तुमच्या तोंडानं. मागनं मी येते, माझी माफी मला मागायचीय त्यांच्यापाशी.”

तो उठला. पट्टे लावायला त्याला फार वेळ लागला. अंगणाच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला, खांबाला हात लावून, पुढं ना मागं.

“मम्मी.”

रूथ कधी जवळ आली कळलं नव्हतं. फ्रॉकला पोत्याचे धागे चिकटलेले, गाल तापलेले. तिनं मर्सीच्या गळ्यात हात टाकून कानाशी तोंड नेलं. श्वास गरम होता, त्याला कोंड्याचा वास होता.

“ठिपकीच्या एका अंड्याला भोक पडलंय. आतून कुणीतरी बोलतंय. आणि मी ना, हात नाही लावला.”

मर्सीनं तिला घट्ट जवळ ओढलं. फाटकापाशी जॉय अजून तसाच उभा होता. त्यानं मान वळवून ह्या दोघींकडं पाहिलं.

रूथनं आवाज आणखी बारीक केला.

“पप्पांना सांगायचं का गं?”